समोर बघणारी ठकी

डोंगराच्या कुशीत एक चिमुकलं गाव होतं, आणि त्या गावात बाहुल्यांनासुद्धा मान वर करायची परवानगी नव्हती.

तिथे लाकडाच्या ठक्या, म्हणजे बाहुल्या, बनत. हळदी गालांच्या, डाळिंबी लुगड्यांच्या, वीतभर उंचीच्या. सगळ्यांचे डोळे खाली झुकलेले. कारण ठक्या घडवणाऱ्या मेस्त्रीआजांच्या पेटीतली जुनी ठकी खाली बघायची, आणि पेटीत नाही ते खोटं, असं गावातले म्हातारे म्हणायचे.

शेवंती नऊ वर्षांची. आईबाप नसलेली. मेस्त्रीआजांच्या पडवीत ती दिवसभर काचपेपरने ठक्या घासायची. तिची आईही मरेपर्यंत घासतच राहिली. गावाचा रिवाजच तसा होता. नवव्या वर्षी प्रत्येक पोरीला एकच ठकी रंगवायला मिळे. पेटीतल्या ठकीसारखी जमली तर हातात कुंचला, नाही जमली तर जन्मभर काचपेपर. आईची जमली नव्हती.

शेवंतीची पाळी आली, तेव्हा ती काजूच्या बागेत जाऊन रडत बसली. पिवळ्याधमक, लालचुटूक बोंडांमधून एक बारीकसा आवाज आला.

"रडणं झालं असेल तर इकडे बघशील का गं?"

झाडाच्या डिंकात एक इवलीशी परी चिकटली होती. चिमुकले पंख मोरपिशी, लुकलुकणारे. शेवंतीने आपलं प्यायचं पाणी थेंबथेंब सोडून डिंक भिजवला.

"हळू, पंख फाटतील!"

"मग वळवळू नकोस ना."

सुटल्यावर परी म्हणाली, "तीन इच्छा देते. पण नियम आहे हं. जे माझ्याकडून मागशील, ते तुझ्या आतून नाहीसं होईल."

नियम तर मेस्त्रीआजाही रोज सांगायचे. शेवंतीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "माझ्या ठकीच्या लुगड्याला वेल दे. पेटीतल्या ठकीसारखी."

परीने फुंकर मारली. पडवीतल्या ठकीच्या लुगड्याच्या काठावर सोनेरी-हिरवी वेल सरसरत उमटली.

"याला म्हणतात हात!" मेस्त्रीआजा खूश झाले. "हुबेहूब! आता उद्या डोळे काढ, खाली बघणारे. मग कुंचला तुझा."

शेवंतीने आनंदाने डोळे मिटले. रोज तिच्या मिटल्या पापण्यांमागे निळ्या, वाकड्यातिकड्या वेली सळसळायच्या. आज तिथे काहीच नव्हतं. घासलेल्या लाकडासारखं कोरं.

सकाळी ती धापा टाकत बागेत गेली.

"डोळेही देऊ?" परीने विचारलं. "पण मग तुझ्या आतले जातील."

"माझ्या आत कुणाचे डोळे आहेत?"

"बघ की."

शेवंतीने पापण्या मिटल्या. समोर आई होती. भुशाने पांढऱ्या झालेल्या पापण्या वर उचलून थेट तिच्याकडे बघणारी.

"नको," शेवंती घाईने म्हणाली. "हे माझे मीच काढते."

पडवीत येऊन तिने काढले. एक डोळा जरा मोठाच झाला. पण ठकी समोर बघू लागली.

"अगो, ही तर टक लावून बघते!" मेस्त्रीआजा कडाडले. "पूस ते!"

"नाही पुसणार."

"आईवर गेलीस."

"हो. तिच्यावरच गेलेय."

त्यांनी ठकी भुशाच्या ढिगात फेकली आणि शेवंतीच्या हातात काचपेपर दिला.

पण जत्रेला जाणाऱ्या खोक्यांत तोच भुसा भरला गेला. जत्रेत पोरांनी भुशातून ती ठकी उपसली, आणि एकच गलका झाला. "ही माझ्याकडे बघते!" "नाही, माझ्याकडे!"

मेस्त्रीआजा ती ठकी घेऊन जत्रेहून गावी परतले. त्यांनी पेटीतली जुनी ठकी काढून तिथे शेवंतीची ठेवली. "ही आमच्या पणजोबांची. यापुढे सगळ्यांनी हुबेहूब असेच डोळे काढायचे." सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. शेवंतीला कुंचला मात्र मिळाला नाही. तिची पाळी होऊन गेली होती ना!

पुढच्या वर्षी छोटी गोमू ठकी घेऊन बसली आणि मुसमुसू लागली. "शेवंतीताई, तुझ्यासारखे डोळे जमत नाहीत गं."

"माझ्यासारखे कशाला? डोळे मीट. कोण दिसतं?"

"आमची शेळी."

"मग शेळीचे काढ."

"मेस्त्रीआजा ओरडतील!"

"ओरडू देत. मी बसलेय इथे."

गोमू खुदकन हसली आणि तिने कुंचला निळ्या रंगात बुडवला. त्याच क्षणी शेवंतीच्या पापण्यांमागे काहीतरी सळसळलं. निळं, वाकडंतिकडं.

पडवीच्या कठड्यावर परी बसली होती. "दोन इच्छा उरल्यात तुझ्या."

"तुझ्याजवळच ठेव. वेल परत दिलीस, तेवढं पुरे."

"मी कुठे दिली? ती तुझी तूच रुजवलीस."

लख्ख, मोरपिशी उजेड पडवीभर सांडला. परी त्यात विरघळून गेली.

शेवंतीच्या हातात अजून काचपेपरच होता. तिने तो उलटा केला. मागची बाजू कोरी होती. गोमूच्या रंगात बोट बुडवून तिने वेलीचं पहिलं पान काढलं.