पिस्टनची विभूती

मोटारीचे लोखंडही बोलत असे, त्या काळची ही गोष्ट. त्र्यंबकरावांची मोटार घाट चढेना. "खंडेनवमीच्या पूजेनंतरही चढली नाही, तर भंगारात देईन," ते पत्नीला म्हणाले.

इंजिनातला पिस्टन मात्र निश्चिंत होता. जाळाची काजळी त्याच्या माथ्यावर वर्षानुवर्षे साचली होती. तिला तो विभूती मानी.

"भक्तराज," स्पार्क प्लग म्हणाला, "विभूती बोटभर लावतात. तुम्ही तर अख्खी धुनी डोक्यावर घेतलीत!"

"गप रे! अग्नीचा प्रसाद आहे हा."

खंडेनवमीला त्र्यंबकराव दरवर्षीप्रमाणे मोटार बाहेरून धुऊ लागले. पत्नी म्हणाली, "अहो, शस्त्र पुजायचे तर पाते घासतात, नुसते म्यान नव्हे."

त्यांनी इंजिन उघडले, काजळी रॉकेलने भिजवली आणि लाकडी पट्टीने खरवडली. "माझी तपश्चर्या गेली!" पिस्टन आक्रंदला.

सारे कोरडे पुसून झाल्यावर पत्नीने निरांजन ओवाळले. पिस्टनच्या उजळ माथ्यात ज्योत उमटली. तो थरारला. जन्मभर तो अग्नीसमोर होता. अग्नीचे रूप त्याला आज प्रथम दिसले.

सायंकाळी मोटार घाट चढू लागली. "विभूती कुठे गेली, भक्तराज?" प्लगने विचारले.

 पिस्टन ज्वाळेकडे पाहत होता.