धुनीचं अपचन

"अक्का, विझली हे लोकांना सांगायचं का?"

दिगंबर खांबेटे इतक्या हळू बोलला की भिंतीलाही ऐकू जाऊ नये. समोर धुनी होती. म्हणजे, धुनीची जागा होती.

गोदाक्का पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या. मठाच्या त्या प्रमुख, पण पाहणाऱ्याला स्वयंपाकीणच वाटाव्यात.

"कधी विझली?"

"पहाटे. मी समोरच बसलो होतो."

"बरं झालं. एकटी नव्हती बिचारी."

भोरकड्याच्या टेकडीवरची ही धुनी पिढ्यान्‌पिढ्या अखंड जळत आली होती. तिच्यापायी टेकडीही जळत आली होती. दर्शनाला येणारा प्रत्येक जण वाटेत एक फांदी मोडायचा आणि भक्तिभावाने धुनीत घालायचा. पुण्य वाढत गेलं, झाडं कमी होत गेली.

मग तंत्रनिकेतनातली मास्तरकी सोडून दिगंबर शिष्य व्हायला आला. दोन निळे प्लॅस्टिकचे ड्रम, ट्रॅक्टरची जुनी ट्यूब आणि थोडी नळी एवढ्या सामानावर त्याने धुनी गोबरगॅसवर आणली. फांद्या मोडणं थांबलं. टेकडीला पालवी फुटली. दिगंबरलाही थोडी फुटली.

उत्सवाच्या शेवटच्या दिवशी तुला अनुग्रह देईन, असं अक्का म्हणाल्या होत्या. तो दिवस आज उजाडला होता. धुनीशिवाय.

"काय घातलंस त्या ड्रमाच्या पोटात?"

दिगंबर नळीचं टोक उपरण्याने पुसू लागला.

"दिगंबरा..."

"शिरा."

"किती?"

"उरलेला सगळा. प्रसाद टाकायचा कसा? आणि... ज्योत जरा उंच दिसली असती. आज लोक येणार."

"नुसता शिरा?"

"परवा दहीभात. काल बुंदी."

अक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली. हसून हसून त्यांना ठसका लागला.

"अरे, तुझ्या आईने तुला तरी कधी असं भरवलं का रे? अपचन झालंय त्याला."

"आतली आम्लता वाढली आहे," दिगंबर म्हणाला. "म्हणून वायू येतो, पण पेट घेत नाही."

"मी वेगळं काय म्हणाले?"

दिगंबर जवळ सरकला. "अक्का, एक करतो. स्वयंपाकघरातला सिलिंडर नळीला जोडतो. ज्योत तशीच निळी. कोणाला कळणार नाही."

अक्का पुन्हा शेंगा सोलू लागल्या.

"जोड. पण अनुग्रह घेताना तू तोंड कुठे करून बसशील? स्वयंपाकघराकडे?"

...

खालून ताशाचा आवाज आला. लोक टेकडी चढायला लागले होते.

"माझ्या हातून अखंड धुनी विझली," दिगंबर म्हणाला. आता त्याचा आवाज खरंच बारीक झाला होता. "आता मला काय तोंड आहे?"

"विझली कुठे? ती खाली आहे."

"खाली कुठे?"

"पारूच्या गोठ्यामागे."

दिगंबरला आठवलं. पावसाळ्यापूर्वी पारू माने हात जोडून आली होती. तिनेही एक ड्रम मिळवला होता, पण त्यात गॅस धरत नव्हता. अक्कांनी सांगितलं म्हणून दिगंबरने मठाच्या ड्रमातला बादलीभर मुरलेला शेणकाला तिला दिला होता. बादली लहान होती, सोबतचं व्याख्यान मोठं होतं. हा मठाचा प्रसाद आहे, असा कोणालाही मिळत नाही, असंही तो शेवटी म्हणाला होता.

तेव्हापासून पारूची चूल पेटती होती.

अक्का उठल्या. कोपऱ्यातली बादली त्यांनी विसळली, पालथी करून निथळू दिली आणि त्याच्या हातात ठेवली.

"तिच्याकडे मागायचं?" दिगंबर म्हणाला. "मी?"

"घरातलं विरजण बिघडलं की बायका काय करतात? वाटी घेऊन शेजारणीकडे जातात. त्यात कोणाचं नाक कापलं जात नाही."

"पण तो प्रसाद होता, अक्का. मीच दिला होता."

"आणि ती त्याच्यावर शिरा ओतत बसली नाही. म्हणून उरलाय."

दिगंबरने बादली या हातातून त्या हातात घेतली.

"आणला तरी लगेच ज्योत येणार नाही. आधी ड्रम उपसावा लागेल. मग आठवडा जाईल, कदाचित जास्तच."

"जाऊ दे. इतकी वर्षं जळतेय, तीही दमली असेल."

"मागच्या वाटेने जाऊ?"

"मागच्या वाटेने घाणेरीची जाळी आहे. धोतर फाटेल. पुढूनच जा. लोक भेटतील, त्यांना काय झालं ते सांगत सांगत उतर. तेवढीच माझी बडबड वाचेल."

दिगंबर चार पायऱ्या उतरला. ताशे आता वळणापर्यंत आले होते. तो थांबला. वळला. डोळे भरले होते, पण शेवटी मास्तर होता. प्रश्न विचारल्याशिवाय त्याला राहवेना.

"अक्का... उत्सव तर आज संपतो. मग अनुग्रह?"

अक्का पायऱ्या उतरून त्याच्यापाशी आल्या. त्याच्या हातातल्या बादलीत त्यांनी वाकून पाहिलं.

"रिकामी आहे ना?"

"हो."

"मग दिला की, बाळा. जा, ऊन व्हायच्या आत."