बिनस्क्रूचा दादा

फार पूर्वी, घाटाखालच्या एका गावात चार सिलिंडरची एक मोटारसायकल होती. इंजिनासाठी हवा ओढून तिच्यात पेट्रोल मिसळणारे तिचे चार कार्बुरेटर सख्ख्या भावांसारखे एका रांगेत राहत. हुसेन मेस्त्री चौघांचा श्वास मोजणारे मीटर जोडत, तिसऱ्याचा काटा बघत आणि बाकीच्या तिघांचे स्क्रू पिळून त्यांचे काटे त्याच्या बरोबरीला आणत. तिसऱ्याला स्क्रूच नव्हता. सगळे त्याला दादा म्हणत.

"दादा, तुझी मजा आहे," शेजारचा धाकटा कुरकुरे. "चुकायचं आम्हीच, कान पिळायचे आमचेच!"

"मला कान असते तर बरं झालं असतं रे," दादा हसून म्हणे.

एकदा दादाच्या गळ्याला बारीक चीर गेली. तिच्यातून हवा शिरू लागली आणि त्याला दम लागला. मेस्त्री वाकले. "कुठंतरी फुसफुसतंय."

"धाकट्या, क्षणभर श्वास धर," दादा कुजबुजला. "त्यांना ऐकू दे."

"एरवी सगळे तुझ्याकडेच बघतात. आज माझं ऐकू देत!" म्हणत धाकटा मुद्दाम जोरात घुमला. फुसफुस त्यात बुडाली. मेस्त्रींनी नेहमीप्रमाणे तिघांना दादाच्या पडलेल्या काट्याशी जुळवलं.

घाट चढताना चीर वाढली आणि दादा फुटला.

त्याच्या जागी नवा आला. त्यालाही स्क्रू नव्हता. चारही काटे पुन्हा एका रेषेत उभे राहिले. पण मेस्त्री ऐकायला वाकले, की धाकटा आता श्वास धरतो. इंजिनाचा एक ठोका चुकतो. "हाच बिघडलाय," म्हणत मेस्त्री त्याचा स्क्रू पिळतात, आणि तो कुरकुरत नाही.