कावळ्यांनी न शिवलेली ओळ

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे एक शिष्य होता. तिशी नुकती ओलांडलेली, घरी पाळण्यात लेक. तीन महिने त्याला शौचाला रक्त पडत होते. मूळव्याध असेल, असे मनाला समजावून त्याने बायकोलाही सांगितले नव्हते. असली गोष्ट सांगायची तरी कुणाला?

दर सर्वपित्रीला वैद्य अंगणात पाने मांडत. आतड्याच्या गाठीने गेलेल्या प्रत्येक रोग्याचे एक पान, त्यावर त्याच्या आवडीचा घास. त्यांच्या गुरूंच्या काळी एकच पान असे. यंदा अकरा झाली. मग वैद्यांनी शिष्याला आणखी एक ओळ मांडायला लावली, पहिलीहून लांब. ती कुणाची, ते सांगितले नाही. घासही स्वतःच वाढले.

भर दुपारी कावळे उतरले. पहिली ओळ पुसून खाल्ली. दुसरीजवळ आले, माना वाकड्या करून पाहिले आणि जाऊन कुंपणावर बसले. एकही ओरडेना. झाडाचे पान हलेना. यांची कोणती इच्छा राहिली, असे शिष्याने दबक्या आवाजात विचारले.

"इच्छा नाही, जीव राहिलाय," वैद्य म्हणाले. "ही माणसं अजून हिंडतायत. देशोदेशी हेच आहे. जगभरात वर्षाला वीस लाखांच्या आसपास लोकांना ही गाठ धरते, पुढल्या पंधरा-वीस वर्षांत तीस लाखांवर जाईल म्हणतात. पूर्वी म्हातारे यायचे, आता तुझ्या वयाचेही येतात. गाठीआधी कितीक वर्षं आत नुसता कोंब असतो, ज्वारीच्या दाण्याएवढा. तेव्हा सापडला तर खुडता येतो. तोवर कावळासुद्धा थांबतो रे. माणूस मात्र लाजत बसतो."

शिष्य ओळीच्या टोकाशी गेला. शेवटच्या पानावर भोपळ्याचे घारगे होते, कडेला करपलेले. तसले वैद्यांच्या घरात तो एकटाच खाई.

"रोज पहाटे इथे येऊन धोतर लपून धुतोस," मागून आवाज आला. "वाटलं होतं, आपणहून सांगशील."

शिष्य त्या पानाशी खाली बसला.

"गुरुजी, रक्त पडतं."

"हं. उचल मग ते पान. उद्याच शहरात जा, दुर्बिणीने आतडं तपासून घे. नुसती मूळव्याध निघाली तर पुढचे घारगे मी तळीन, तेही करपवून."

त्याने पान उचलले. कुंपणावरचा एक कावळा उडून गेला. बाकीचे तसेच बसून राहिले, उरलेल्या पानांकडे बघत.

आपल्या घरात पहाटे कोण एकटेच धुणे धुते, ते एकदा बघावे.