आणखी एक चष्मा वाटला

आमच्या नेत्रशिबिराचे अध्यक्ष दाजीसाहेब आकड्यांचे भारी भुकेले! मंचावरून गरजले, "शेजारच्या संस्थेनं आपल्या निम्मेसुद्धा चष्मे वाटले नाहीत. आपणच पहिले!" टाळ्यांनी मांडव दणाणला.

डॉक्टर शर्वरी उठल्या. "पण ते चष्मा घालून सुईत दोरा ओवायला लावतात. ओवता आला, तरच तो चष्मा मोजतात. आपणही तसंच करू या."

"काहीतरीच! चष्मा दिला, काम झालं."

"मग तुमचा काढून हा घाला," शर्वरींनी ढिगातला एक पुढे केला, "आणि पुढचं भाषण वाचा."

दाजीसाहेबांनी कागद नाकाशी नेला, लांब धरला. एक अक्षर दिसेल तर शपथ! मांडव हसून लोटपोट.

शर्वरींनी पेन उघडलं. "लिहू का साहेब, आणखी एक चष्मा वाटला?"