खुंटीवरचा शिक्का

फार पूर्वी, गलबतं वाऱ्याच्या मर्जीने चालत त्या काळी, एका बंदरावर एक म्हातारा पारखी होता. परदेशी जाणारा माल आधी त्याच्या नाकाखालून आणि जिभेवरून जायचा. माल चांगला असेल तर करणाऱ्याला तांब्याचा शिक्का मिळे. पिंपावर तो शिक्का उमटला की पलीकडच्या किनाऱ्यावरचे लोक झाकण न उघडताच पिंप घेत.

एखाद्याच्या मालात खोट निघाली, तर त्याचा शिक्का पारखी काढून घेई आणि लाल दोऱ्याला बांधून बंदरावरच्या आपल्या ठाण्यातल्या खुंटीवर टांगून ठेवी. घरात जितकी पिंपं भरलेली, तितक्या गाठी दोऱ्याला. रोज एक पिंप उघडायचं, मूठभर माल पारख्याला दाखवायचा आणि एक गाठ सोडायची. खराब पिंप निघालं तर ते सगळ्यांदेखत खाडीत ओतायचं, मगच गाठ सुटायची. सगळ्या गाठी सुटेपर्यंत शिक्का खुंटीवरून कुणीही उतरवायचा नाही, असा सक्त नियम.

त्या वर्षी खुंटीवर एकच शिक्का होता, एका आमसूलवालीचा. रातांब्याच्या सालांना रस चोळून सात उन्हं दाखवायची, ही तिच्या घरची रीत. पण मागच्या उन्हाळ्यात तिची आई अंथरुणाला खिळली, धावपळीत एक पिंप सहाव्या उन्हावरच भरलं गेलं आणि परदेशात पोचेपर्यंत त्याला बुरशी आली. चाळीस पिंपं, चाळीस गाठी. ती बिचारी रोज सकाळी पदरात मूठभर आमसुलं घेऊन यायची. पारखी एक तोडायचा, हुंगायचा, चघळायचा आणि तोंड वाकडं करून म्हणायचा, "सोड गाठ." महिनाभरात म्हाताऱ्याचे दात असे आंबले की त्याला भाकरीही चावेना. पण ती यायची वेळ झाली की तो दारात येऊन उभा राहायचा. त्याला लेक नव्हती.

पस्तिसावी गाठ सुटली त्याच सकाळी दवंडी पिटली गेली. राणीने नवा कायदा केला होता. उद्या, घटस्थापनेपासून, तांब्याचे शिक्के बंद. ज्याच्या हाती जुना शिक्का असेल त्याला पितळेचा नवा मिळेल. उरलेले जुने शिक्के वितळवायचे. ज्याला नव्याने शिक्का हवा असेल त्याने तीन उन्हाळे माल दाखवावा.

पारखी धावतच बंदराच्या कारभाऱ्याकडे गेला. "कारभारीसाहेब, खुंटीवरच्या शिक्क्याचं काय करायचं?"

कारभाऱ्याने आज्ञापत्र वरपासून खालपर्यंत वाचलं. "खुंटीचं यात काहीच लिहिलेलं नाही. शिक्का हातात नाही ना? मग वितळवा."

"अहो, पाचच गाठी राहिल्यात!"

"गाठी जुन्या कायद्याच्या. तो उद्या संपतोय."

पारखी खाली मान घालून परतला. तीन उन्हाळे! आजारी आई, घरात भरलेली पिंपं आणि दसऱ्याला निघणारं गलबत. ती तोवर कशी तग धरणार? आमसूलवाली ठाण्याच्या पायरीवर बसून होती. दवंडी तिनेही ऐकली होती.

आयुष्यात कधी नियम न मोडलेला तो माणूस इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "पोरी, उरलेल्या पाच गाठी आत्ताच सोड. शिक्का हातात घे. मी कुणाला सांगायचा नाही."

तिचा हात दोऱ्याकडे गेला. बोटं गाठीला लागली. आणि तिने हात मागे घेतला.

"काका, ती पाच पिंपं मी अजून उघडलीच नाहीत."

"तुझा हात मला ठाऊक आहे गं. चांगलीच असतील."

"मागच्या वेळी मलाही असंच वाटलं होतं," ती म्हणाली आणि रडू लागली.

तिला शिकवायला निघालेला आपण, आणि तीच आपल्याला शिकवून गेली, असं पारख्याला वाटलं. थोडी लाज वाटली, आणि त्याहून जास्त तिचं कौतुक वाटलं. मग तो टेकडीवरच्या राजवाड्याकडे जायला निघाला. पण शिक्का राणीला दाखवायचा, तर तो खुंटीवरून उतरवायची सोय नाही. म्हाताऱ्याने काय करावं? त्याने खुंटीच भिंतीतून उपटली आणि दोऱ्या-शिक्क्यासकट छातीशी धरून टेकडी चढू लागला. वाटेत लोक पोट धरधरून हसले. त्याने तिकडे लक्षच दिलं नाही.

राणीने विचारलं, "हे काय आणलंत?"

"आपल्या कायद्यात राहून गेलेली गोष्ट, राणीसरकार. जे हातात आहे त्याचं आपण लिहिलंत, जे हातात नाही त्याचंही लिहिलंत. पण हे दोन्हींच्या मधे लोंबकळतंय. हा एका आमसूलवालीचा शिक्का; तिची चूक झाली, चाळीस दिवसांची शिक्षाही ठरली, त्यातले पाच उरले. ती शिक्षा माफ करा असं मी म्हणत नाही. फक्त कायदा बदलला म्हणून पाच दिवसांची तीन वर्षं होऊ नयेत."

राणीने त्या पाच गाठी बोटाने मोजल्या. "कायदा लिहिताना माझं लक्ष पुढेच होतं," ती म्हणाली. "वाटेत कोण उभं आहे ते पाहायचं राहूनच गेलं." मग तिने आज्ञापत्रात स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: 'जे खुंटीवर आहे ते खुंटीवरच राहील. तांब्याच्या जागी पितळ येईल, गाठी मात्र उरल्या तितक्याच. एक कमी नाही, एक जास्त नाही.'

दुसऱ्या दिवशी त्याच लाल दोऱ्याला पितळेचा नवा शिक्का लागला. छत्तिसावं पिंप चांगलं निघालं. सदतिसावंही. अडतिसाव्या दिवशी पारख्याने आमसूल तोडलं आणि त्याचा चेहरा उतरला. आत पांढरी बुरशी होती; हेही पिंप त्याच धावपळीत सहाव्या उन्हावर भरलं गेलं असावं.

आमसूलवालीने ते पिंप सगळ्यांदेखत खाडीत ओतलं. पारखी बघत उभा होता. ही गाठ तो तीनच दिवसांपूर्वी न बघताच सोडायला निघाला होता. मायेपोटी त्याने हेच पिंप गलबतावर चढवलं असतं, आणि दुसऱ्यांदा खोट निघाल्यावर तिचा शिक्का कुठल्याच खुंटीवर राहिला नसता, कायमचा गेला असता.

चाळिसावी गाठ सुटली तेव्हा तिने शिक्का हातात घेतला आणि पारख्याच्या पायांवर डोकं ठेवलं. "ऊठ, ऊठ," तो म्हणाला, "आता दसऱ्यापर्यंत मला गोड काहीतरी खायला घाल."

दसऱ्याला गलबत निघालं. त्यात तिची एकोणचाळीस पिंपं होती.

तात्पर्य: नियम बदलताना जो अर्ध्या वाटेवर उभा असेल, त्याची उरलेली वाट वाढवू नये आणि मायेने तोडूही नये, ती त्याला त्याच्या पायांनी पुरी करू द्यावी.