घंटेचा बैल बसला

घाटमाथ्यावर काळ्या मातीच्या मुलखात असितपूर नावाचे नगर होते. तिथे वसुदत्त राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व बैलाच्या जन्माला आला होता. रंगाने खैरा, म्हणून नावही खैरा. पालित नावाचा एक सार्थवाह होता. सार्थवाह म्हणजे तांडा घेऊन दूरदेशी व्यापार करणारा. त्याच्या शंभर बैलांत बोधिसत्त्व सर्वांत पुढे चाले आणि त्याच्या गळ्यात काशाची घंटा असे. तांड्याचा एक नियम असतो. घंटेच्या पुढे बैल जात नाही. मागचे नव्व्याण्णव बैल रस्ता पाहत नाहीत, घंटा ऐकतात. माणसांचेही बरेचसे असेच असते, पण ते असो.

बारा वर्षे बोधिसत्त्व तोच घाट उतरला आणि तोच चढला. खाली शूर्पारक बंदर, वर असितपूर. बैलाला राज्यकारभारातले काय कळते, असे कोणी म्हणेल. बैलाच्या पाठीला कळते. देशाचे काय चालले आहे ते राजाच्या आधी तिला कळते.

पहिली वर्षे चांगली गेली. खाली जाताना पाठीवर असितपूरच्या कोष्ट्यांनी विणलेले कापड असे. वर येताना मीठ, नारळ, सुकी मासळी, तांबे. मीठ घाटावर पिकत नाही आणि तांबे काळ्या मातीत उगवत नाही. आपल्याकडे जास्त आहे ते द्यावे, नाही ते आणावे, यात वाईट काही नाही. व्यापाराला उगाच शिव्या देणारे पुष्कळ असतात. मीठ मात्र तेही खातात.

पुढे समुद्रापलीकडच्या यवनांनी निरोप पाठवला की कापड नको, कापूस द्या, विणायला आमच्याकडे माणसे आहेत. भाव दुप्पट देऊ केला. राजा हरखला. त्याने दवंडी पिटवली की ज्याला शेत आहे त्याने कापूसच लावावा, राजाचा सहावा हिस्साही कापसातच घेतला जाईल. कोष्ट्यांचे माग थांबले. बाकी सगळे खूश झाले. बायकांच्या गळ्यात लाल पोवळी आली, पुरुषांनी यवनांच्या दारूचे दोन कानांचे रांजण घरात आणून ठेवले. ज्वारी कोणी पेरीना. कशाला पेरायची? त्याच जहाजांतून परदेशी तांदूळ येत होता, तोही स्वस्त.

त्या वर्षी पहिल्यांदा बोधिसत्त्वाच्या पाठीवर धान्य घाट चढले. मिठाचे पोते पाठीला चावते, तांदळाचे सरकत राहते. अर्ध्या चढणीवर त्याला उमगले की काळ्या मातीचा मुलूख आता दुसऱ्याच्या ताटात जेवतो आहे. मुक्कामाला पालित त्याच्या गळ्याखाली खाजवत उभा होता, तेव्हा तो म्हणाला, "धनी, पूर्वी आपण वर मीठ नेत होतो, आता जेवण नेतो. मीठ एक साल आले नाही तर माणूस कुरकुरतो. जेवण आले नाही तर मरतो."

पालित हसला. "खैऱ्या, ओझे तू वाहा. अक्कल मी वाहतो."

बैल हाकणारा म्हातारा सोणक चारा टाकत होता. तो तिकडूनच म्हणाला, "धनी, तुमचे ओझे हलके दिसते."

त्या काळी जनावरे बोलत आणि माणसे ऐकत. ऐकून करीत काहीच नसत, तेव्हाही.

असितपुरात प्रत्येक घरी बियाण्याचे एक मडके असे. राखेत घोळलेली ज्वारी, वर कडुनिंबाचा पाला, तोंड शेणमातीने लिंपलेले. पेरणीपर्यंत त्याला हात लावायचा नाही, घरात उपास पडले तरी. आता पेरायचेच नाही तर ठेवायचे कशाला, म्हणून तीनचार वर्षांत लोकांनी ती मडकी फोडली आणि बी भाजून खाल्ले. कोणाला काही वाटले नाही.

मग समुद्रापलीकडे दोन राजे भांडले. कशावरून भांडले ते असितपुरात कोणाला कधी कळले नाही. पण त्या साली जहाजे आली नाहीत. तांदूळ आला नाही. कापूस बंदरावर पडून काळा पडला. लोकांच्या घरी नाणी होती, पोवळी होती, चुलीवर ठेवायला काही नव्हते. लोक कंद खणून खाऊ लागले, झाडपाला उकडू लागले. रोज कुठल्या तरी घरातून तिरडी निघे. पेरणीला वीस दिवस उरले आणि पेरायला मूठभर ज्वारी सगळ्या मुलखात नव्हती. ही पेरणी हुकली तर पुढल्या वर्षी पेरायला माणसेच उरली नसती.

राजाने पालिताला बोलावले. "बी आण. कुठूनही आण."

घाटवाटेच्या बाजूला तीन दिवसांवर एक खडकाळ माळ होता. तिथे कापूस लागत नाही, म्हणून तिथल्या लोकांनी ज्वारी सोडली नव्हती. शिवाय दगडावरचे पीक दर तिसऱ्या साली जाते, म्हणून ते दोन वर्षांचे बी राखून असत. गरिबीनेच त्यांना शहाणे ठेवले होते. त्यांची मुखत्यार कण्हा नावाची म्हातारी होती. पालिताने तिच्यापुढे पोवळ्यांचा ढीग ओतला.

कण्हाने एक पोवळे उचलले, दाताने चावून पाहिले. "हे शिजते का?"

"नाही."

"मग उचल. बी आम्ही विकत नाही, उसने देतो. सुगीला सवाईने परत आणा. पीक नाही आले तर त्याच्या पुढल्या सुगीला. पण खायला नाही द्यायचे हे. पेरायचे. मी बरोबर येणार. माती बघेन, मग पोत्याचे तोंड सोडीन."

"म्हातारे, चढणीची वाट आहे."

कण्हाने खैऱ्याकडे बोट केले. "तुझ्या तांड्यात सगळे तरणेच आहेत वाटते?"

शंभर बैलांवर दोनशे पोती लादली. कण्हा खैऱ्याच्या शेजारून चालू लागली. दोघेही दमलेले, दोघांची चाल जमली.

तिसऱ्या दिवशी माळावरची वाट घाटवाटेला मिळाली. इथून उजवीकडे वर असितपूर, डावीकडे खाली बंदर. तिथे बंदराकडून आलेला पालिताचा एक माणूस भेटला. तो धापा टाकत म्हणाला, "धनी, एक गलबत लागले आहे. लढाईवरची उपाशी फौज आहे त्यात. ज्वारीच्या एका पोत्याला ओंजळभर सोने देतात. उद्या संध्याकाळी निघणार."

पालिताने फार वेळ विचार केला नाही. असल्या कामाला लागत नाही. "सोणका, घंटा खाली वळव."

"अरे पण बी!" कण्हा ओरडली. "तुझ्या राजाला काय सांगशील?"

"मिळाले नाही म्हणून सांगेन."

"आणि मला?"

"तुला यातले सोने देतो."

"ते शिजते का?"

पालिताने वेसण धरून खैऱ्याला डावीकडे ओढले. तेव्हा बोधिसत्त्वाने पुढचे गुडघे टेकले, मग मागचे, आणि वाटेच्या तोंडावर तो ओझ्यासकट बसला. घंटा थांबली. मागचे नव्व्याण्णव बैल थांबले.

पालिताने काठी घातली. शेपटी पिरगाळली. नाकातून रक्त येईपर्यंत वेसण ओढली. शेवटी बसल्या बैलाला उठवायचा जो सर्वांत वाईट उपाय आहे तो त्याला आठवला. "सोणका, वाळले गवत आण. पोटाखाली पेटव."

सोणकाने हातातली काठी टाकून दिली. "बारा वर्षे मी याच्या मागे चाललो, धनी. आग तुम्ही लावा."

पालिताने लावली. बोधिसत्त्वाचे कातडे जळाले. तो उठला नाही.

"ऊठ! इथेच मरशील!"

"मरेन," बोधिसत्त्व म्हणाला. "मी दमलो आहे, धनी. उठायला ताकद लागते, बसायला लागत नाही. पण एवढे ऐका. हे बी खाली गेले तर एकदाच सोने मिळेल. वर माणसे राहिली तर कापूस पिकेल, कापड विणले जाईल, तुमचे बैल चालतील. माणसेच मेली तर कोणाचे काय घेऊन जाल आणि कोणाला काय आणून द्याल?"

पालिताला ते पटले असावे, कारण त्याने आणखी जोरात मारले.

मग त्याने खैऱ्याच्या गळ्यातली घंटा कापली आणि मागच्या बांड्या नावाच्या बैलाच्या गळ्यात बांधली. बांड्या तरणा, ठिपक्यांचा, कधी पुढे चाललेला नव्हता. पालिताने त्याच्या मागे जाऊन दोन फटके ओढले आणि ओरडला, "चल!"

बांड्या चालला. तो तांड्यात आला तेव्हापासून त्याने एकच पाहिले होते. पाठीवर कापूस असला की खाली जायचे, पाठीवर धान्य असले की वर जायचे. पाठीवर आता धान्य होते. तो उजवीकडे वळला आणि घाट चढू लागला. घंटा वाजली. एकामागून एक अठ्ठ्याण्णव बैल बसलेल्या खैऱ्याला वळसा घालून तिच्या मागे निघाले. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, मधल्या वाटेत भरलेली पोती घेऊन बैल. पुढे जाऊन घंटा धरायला पालिताला फटच मिळेना. तो मागून बोंबलत राहिला. पण वाट त्याच्याच व्यापाराने शिकवलेली होती. ती ओरडून थोडीच विसरते? कण्हा तेवढी आधीच पुढे सटकली होती. तिने बांड्याची वेसण धरली ती असितपूरच्या वेशीत जाऊन सोडली.

वाटेवर खैरा आणि सोणक दोघेच राहिले. सोणकाने त्याच्या पाठीवरची पोती उतरवली आणि आपल्या पखालीतले पाणी त्याच्या पोटावर ओतले.

"बांड्या कुठे गेला?" बोधिसत्त्वाने विचारले.

"वर गेला, बाबा. सगळे वर गेले."

"बरे झाले. आता मी जरा आडवा होतो."

तो आडवा झाला आणि पुन्हा उठला नाही. सोणकाने दोन पोत्यांतले एक तिथेच दगडांत झाकले आणि दुसरे आपल्या पाठीवर घेतले. म्हाताऱ्याला नगर गाठायला सहा दिवस लागले. मग तो परत गेला आणि राहिलेले घेऊन आला. कोणी सांगितले नव्हते.

असितपुरात कण्हाने काळी माती हातात चुरली, वास घेतला. "कापसाने दमवली आहे हिला," ती म्हणाली. "पण देईल." मग तिने पोत्यांची तोंडे सोडली. पेरणी वेळेवर झाली. तोवर लोकांनी कंदांवरच दिवस काढले, आणि पेरलेले बी कोणी उकरून खाल्ले नाही. सुगीला माळावरचे बी सवाईने परत गेले.

राजाने नवी दवंडी दिली. कापूस लावा, पण शेताच्या तिसऱ्या हिश्शात आधी ज्वारी. खाली कापूस नाही, कापड जाईल. आणि ज्या घरी लिंपलेले मडके नाही त्या घरातले काही बंदरावर विकले जाणार नाही. दोन वर्षांनी जहाजे परत आली, मीठ आणि तांबे पुन्हा घाट चढले. पालित एकदम सुधारला नाही. माणसे एकदम सुधारत नाहीत. पण त्या फाट्यावर आला की तो चालता तांडा थांबवी.

ही कथा भगवानांनी जेतवन विहारात सांगितली. श्रावस्तीचे दोन उपासक भांडत त्यांच्यापुढे आले होते. एकाची जहाजे होती, तो म्हणे शेती हवी कशाला. दुसरा शेतकरी, तो म्हणे जहाजे जाळून टाका. कथा संपल्यावर भगवान जहाजवाल्याला म्हणाले, "तेव्हाचा पालित तू होतास." शेतकरी हसू लागला. भगवान त्याच्याकडे वळले. "आणि बांड्या तू होतास. वाट बरोबर धरलीस, पण सवयीने धरलीस." मग हसणे थांबले. सोणक म्हणजे त्यांचा शिष्य आनंद, कण्हा म्हणजे उत्पलवर्णा भिक्षुणी, आणि वाटेत बसलेला घंटेचा बैल ते स्वतः.

बोधिसत्त्व जन्मोजन्मी जे गुण पुरे करीत जातो त्यांना पारमिता म्हणतात, आणि त्यांतल्या या पारमितेला क्षांती. सोसणे, आणि सोसून चुकीच्या वाटेला न उठणे. त्याला तरुणपण लागत नाही. दमलेल्यालाही ते जमते.